भिंत जुनी दिसू दे, झेंडा नवाच हवा

ऑगस्टच्या अंकासाठी आलेल्या प्रश्नांत बरेचसे एकाच गोष्टीचे निघाले, भिंतीवर देशभक्तीचं काहीतरी लावायचंय आणि ते 'विंटेज' दिसायला हवं, म्हणजे कागद पिवळा पडलेला, लाकडाचे पोपडे निघालेले, रंग मातकट, आणि पैसे मात्र फार घालवायचे नाहीत. रेडीमेड फ्रेमचे भाव बघितले तर घरी करणंच परवडतं, त्यामुळे यावेळी बाकीचे विषय बाजूला.

प्रश्न : ताई नमस्कार. इथे चार जुलै, म्हणजे अमेरिकेचा स्वातंत्र्यदिन, जवळ आला की लोक मालवाहतुकीच्या लाकडी पॅलेटच्या फळ्या जोडून त्यावर अमेरिकेचा झेंडा रंगवतात, मग घासून घासून मुद्दाम जुनाट करतात आणि पोर्चमध्ये लावतात. दिसतं फार भारी. मुलांच्या डोक्यात आलंय की पंधरा ऑगस्टला आपण तसाच तिरंगा करूया. नवरा नको म्हणतो पण का नको ते त्याला सांगता येत नाही. करू का?
(एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी)

उत्तर : नका करू. कारण मी सांगते, तुम्ही त्यांना सांगा. आपली ध्वजसंहिता २६ जानेवारी २००२ पासून लागू आहे, त्यात फाटका किंवा खराब झालेला झेंडा लावू नये असं स्पष्ट म्हटलंय. आणि १९७१ च्या राष्ट्रीय सन्मानाच्या कायद्यात झेंडा म्हणजे फक्त कापड नाही, त्याचं चित्र, फोटो, कुठल्याही वस्तूवर काढलेली प्रतिकृती, सगळं धरलंय, म्हणजे फळीवर रंगवलेला तिरंगा हाही तिरंगाच. एडिसनला तुमच्या पोर्चमध्ये कोणी विचारायला येणार नाही हे मलाही कळतं, मुद्दा कायद्याचा तेवढा नाहीच. नवाकोरा तिरंगा रंगवायचा आणि तो वाळला की त्यालाच पॉलिश पेपरने खरवडायचं, हे व्हिडिओ कॉलवर आजी-आजोबांना करून दाखवा बरं. तिकडे झेंड्याचे पेपर नॅपकिन सर्रास मिळतात आणि कोणाला काही वाटत नाही, आपल्याकडे रुमालावर, उशीच्या अभ्र्यावर तिरंगा छापायलाही मनाई आहे. दोन देशांच्या दोन सवयी, एकीचा नमुना दुसरीवर चिकटवला की असा घोळ होतो.

पण फळ्या टाकून नका देऊ. माझा एक साधा नियम आहे, जे मुळात जुनं आहे त्यालाच जुनं करायचं. आणि तुमच्यासाठी तर अगदी जमून येणारी गोष्ट आहे, क्रांतिकारक मादाम भिकाजी कामांचा झेंडा. २२ ऑगस्ट १९०७ ला जर्मनीत श्टुटगार्टला समाजवाद्यांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत त्यांनी तो फडकवला. वरचा पट्टा हिरवा, त्यावर आठ कमळं, मधला पिवळसर केशरी, त्यावर देवनागरीत 'वंदे मातरम्', खालचा लाल, त्यात सूर्य आणि चंद्रकोर. तो झेंडा आज पुण्यात केसरीवाड्यात जपून ठेवलाय, पुढच्या भारतभेटीत मुलांना नेऊन दाखवा. हा आजचा राष्ट्रध्वज नाही, शंभरच्या वर वर्षं झालेली इतिहासातली वस्तू आहे, तिची प्रतिकृती जुनाट दिसली तर त्यात खोटंही काही नाही आणि कोणाचा अवमानही नाही. तीन पट्टे म्हणजे तीन फळ्या, मोजमाप करायलाच नको. आणि परदेशात राहणाऱ्या बाईने परदेशात फडकवलेला झेंडा तुमच्या परदेशातल्या घरात, अजून काय पाहिजे!

कृती सांगते. पॅलेटवर 'एचटी' असा शिक्का असेल तर लाकूड नुसतं तापवून कीडमुक्त केलेलं असतं, तेच घ्या, 'एमबी' असेल तर त्याला मिथाइल ब्रोमाइडचा धूर दिलेला असतो, ते घरात आणू नका. फळी आधी १२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासा, मग कडक चहाचे दोन हात द्या आणि वाळू द्या. तोवर एका बरणीत व्हिनेगर घालून त्यात गंजके खिळे एक-दोन दिवस ठेवायचे, ते पाणी गाळून चहा लावलेल्या लाकडावर फिरवलं की बघता बघता लाकूड करडं पडतं, पावसात वर्षानुवर्षं राहिल्यासारखं. चहातलं टॅनिन आणि खिळ्यांचं लोखंड यांचा तो खेळ. मग कडांवर आणि मध्ये कुठे कुठे मेणबत्ती घासा, वरून रंग द्या, वाळला की जिथे मेण आहे तिथला रंग पॉलिश पेपरने आपोआप सुटून येतो. अक्षरं मात्र शेवटी काढा आणि ती खरवडू नका.

शेजारी खरा तिरंगा लावायचा असेल तर तो स्वच्छ, न फाटलेला, न विटलेला. आडवा असेल तर केशरी वर, उभा सोडणार असाल तर बघणाऱ्याच्या डाव्या हाताला केशरी. इतकंच.

प्रश्न : यूट्यूबवर बघून जुन्या वर्तमानपत्राच्या पानाची प्रिंट काढली आणि चहाच्या पाण्यात बुडवली तर सगळी शाई पसरून कागद निळाजांभळा झाला. चहाचं काही चुकलं का?
(एक वाचक, सातारा)

उत्तर : चहा बिचारा निर्दोष आहे. घरच्या प्रिंटरची शाई इंकजेटची, ती बहुतेक वेळा पाण्यात विरघळते. झेरॉक्सच्या दुकानात लेझर प्रिंट मिळते, त्यात टोनर नावाची पावडर तापवून कागदावर चिकटवलेली असते, ती पाण्यात हलत नाही. तेव्हा फाइल पेनड्राइव्हवर घ्या आणि कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून लेझर प्रिंट आणा, शक्यतो काळी-पांढरीच, कारण त्या काळातला पेपर रंगीत नव्हताच. आणि कागद जरा जाड घ्या, साधा पातळ कागद ओला झाला की हातात येतो.

चहा म्हणाल तर दोन कप पाण्यात चार-पाच चमचे पावडर चांगली उकळायची, दूध-साखर अर्थातच नाही, साखर राहिली तर मुंग्या भिंतीवर चढतील. गाळून कोमट झालं की पसरट परातीत कागद दोन-तीन मिनिटं बुडवायचा, उचलताना दोन्ही हातांनी, आणि सपाट जागी पेपरवर वाळवायचा, दोरीवर टांगला तर खालच्या कडेला सगळा रंग उतरतो. अर्धवट ओला असताना कुठेतरी चहाचा चोथा चिमूटभर टाका, तिथे डाग पडतात आणि तेच खरे वाटतात. वाळल्यावर उलट्या बाजूने इस्त्री, वर जुना सुती रुमाल ठेवून, नाहीतर टोनर इस्त्रीला चिकटेल. कडा मेणबत्तीवर जाळायचा जो प्रकार सगळे करतात तो मला आवडत नाही, कागद जुना होतो तो जळून नाही, हाताळून होतो, त्यामुळे चार घड्या घाला, उघडा, घडीवर बोट फिरवा, बस्स.

काळपट हवा असेल तर काष्ठौषधीच्या दुकानात हिरड्याची पूड मिळते, त्याच्या काढ्याने पिवळट रंग येतो आणि त्यावर ते मघाचं खिळ्यांचं पाणी ब्रशने शिंपडलं की काळेकरडे ठिपके. हिरडा आणि हिराकस (लोखंडाचा क्षार) घालून पूर्वी शाई करायचे, त्याच जातीचं हे काम. हातमोजे घाला, नखं आठवडाभर काळी राहतात.

प्रश्न : मॅडम, मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. व्हरांड्याची लांब भिंत सजवायची आहे, मुलं भरपूर आणि पैसे जवळजवळ नाहीत. दरवर्षी त्याच कागदी पताका लावून कंटाळा आलाय. जुन्या काळाचा फील येईल असं काही सुचवा.
(एक शिक्षिका, जळगाव जिल्हा)

उत्तर : बाई, तुमच्याच जिल्ह्यात यावल तालुक्यात फैजपूर आहे आणि तुम्ही मला विचारताय! डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचं अधिवेशन पहिल्यांदा खेडेगावात भरलं ते फैजपूरला, अध्यक्ष नेहरू. गांधीजींनी शांतिनिकेतनहून चित्रकार नंदलाल बोस यांना सजावटीसाठी बोलावलं आणि अट अशी की जे गावात मिळतं त्यातूनच सगळं उभं करायचं, बांबू आणि अशाच साध्या वस्तू. मग फेब्रुवारी १९३८ ला गुजरातेत हरिपुऱ्याच्या अधिवेशनासाठी त्याच नंदलालबाबूंनी हातकागदावर मातीच्या रंगांत पोस्टर केली, त्यात नेते नव्हते, घोषणा नव्हत्या, होते ते शिंपी, ढोल वाजवणारे, शेतकरी, कामात गुंतलेल्या बाया. म्हणजे स्वस्तातली देशभक्तीची सजावट आपल्याकडे आधीच होऊन गेलीय आणि तीही एवढ्या मोठ्या चित्रकाराच्या हातची, आपण मात्र प्लॅस्टिकच्या पताकांत अडकलोय.

तेव्हा मुलांना हेच करायला लावा. प्रत्येकाने आपल्या गावातलं एक काम करणारं माणूस काढायचं, केळीच्या बागेतला मजूर, कापूस वेचणारी, गिरणीवाला, अंगणवाडीताई, एसटीचा कंडक्टर. कागद खाकी, पुस्तकांना कव्हर घालतो तो, किंवा दुकानातल्या खोक्यांचा पुठ्ठा. रंग गेरू, पिवडी (पिवळी माती), चुना, नीळ आणि काजळी. हळद वापरू नका, उन्हात चार दिवसांत उडून जाते. गेरू चाळून घ्या, नाहीतर खडे राहतात, आणि पाण्यात थोडा फेव्हिकॉल किंवा भिजवलेला डिंक घालून कालवा, तो नसेल तर वाळल्यावर हात लावला की रंग हाताला येतो. चुना मोठ्यांनीच भिजवायचा हां, मुलांच्या डोळ्यात जायला नको. आधी गेरूने जाड बाह्यरेषा, मग आत रंग, बारीक नक्षीच्या मागे लागू नका. सगळ्या चित्रांना वर एकसारखी कमान काढली तर ओळीने लावल्यावर भिंत एकदम बांधलेली दिसते.

मोठ्या वर्गासाठी वेगळं काम हवं असेल तर पोस्टाची तिकिटं, पण वहीच्या पानाएवढी. १५ ऑगस्ट १९४८ ला गांधीजींची चार तिकिटं निघाली, दीड आणे, साडेतीन आणे, बारा आणे आणि दहा रुपये, त्यावर 'बापू' हिंदीत आणि उर्दूत लिहिलेलं. त्याआधी १५ डिसेंबर १९४७ ला बारा आण्यांचं विमानाचं तिकीट आलं होतं, ते मुलग्यांना फार आवडेल, आणि मुलींनाही. कडेची भोकं पंचिंग मशिनने अर्धी अर्धी पाडायची की कागद लगेच तिकीट दिसायला लागतो. एक आणा म्हणजे किती हा हिशोबही मग आपसूक होतो. फक्त सिंहांची राजमुद्रा सजावटीत घेऊ नका, तिच्या वापरावर २००५ च्या कायद्याने निर्बंध आहेत.

आणि पताका, खऱ्या तिरंग्याच्या छोट्या झेंड्यांचं तोरण ध्वजसंहितेत बसत नाही. मुलांच्या हातातले कागदी झेंडे चालतात, पण कार्यक्रम झाला की ते मैदानात पडलेले दिसतात ना, ते त्याच दिवशी गोळा करून घ्या, कचऱ्यात टाकायचे नसतात, खाजगीत सन्मानाने नष्ट करायचे असतात.

प्रश्न : घरात आंब्याच्या पेट्यांच्या फळ्या पडल्यात. त्यावर फोटो उमटवता येतो म्हणे, कसा?
(एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : येतो. फोटो आरशात दिसतो तसा उलटा करून लेझर प्रिंट घ्या, अक्षरं असतील तर हे विसरलात की गेलंच. फळी गुळगुळीत घासून तिच्यावर फेव्हिकॉलचा पातळ एकसारखा थर, त्यावर प्रिंट पालथी, मधून कडेकडे बोटाने दाबत हवा काढायची आणि रात्रभर विसरून जायचं. सकाळी कागदावर ओलं फडकं ठेवून बोटाने हळूहळू कागद चोळून काढा, छपाई लाकडावर राहते. पाणी ओतू मात्र नका, फेव्हिकॉल परत मऊ पडतो आणि सगळंच निघून येतं. थोडंफार मध्ये मध्ये उडणारच आणि ते उडलेलंच छान दिसतं. घरातल्या कोणाचा गांधी टोपीतला किंवा नऊवारीतला जुना फोटो असेल तर तो घ्या, नेटवरच्या त्याच त्या फोटोंपेक्षा कितीतरी बरा. मूळ फोटो नाही हां, त्याची प्रिंट!

प्रश्न : आमच्या आजोबांना स्वातंत्र्यसैनिक म्हणून १९७२ साली मिळालेलं ताम्रपत्र ट्रंकेत सापडलं. पार काळं पडलंय. पितांबरीने चकचकीत करून हॉलमध्ये लावावं असं सासूबाई म्हणतात. सोबत आजोबांची तुरुंगातून आलेली दोन पत्रंही आहेत, ती लॅमिनेट करू का?
(एक वाचक, सोलापूर)

उत्तर : सासूबाईंना माझा नमस्कार सांगा आणि पितांबरी लपवून ठेवा. लोक हजारो रुपये देऊन तांब्यावर असा काळपट रंग आणून घेतात, तुमच्याकडे तो इतक्या वर्षांनी आपोआप आलाय. शिवाय अक्षरं कोरलेली असतात, चिंच किंवा पावडर लावून घासलं की कडा झिजतात, खोबणीत पांढरी पूड अडकते, आणि दोन महिन्यांत ते परत काळं. मऊ कोरड्या कापडाने धूळ पुसा. कुठे हिरवं साचलं असेल तर तेवढंच काडीला कापूस गुंडाळून हळूच काढा, आणि हाताळताना घामेजले हात नकोत.

पत्रं लॅमिनेट अजिबात नको, एकदा ते उष्णतेने प्लॅस्टिकमध्ये बंद झालं की परत सोडवता येत नाही आणि जुना कागद आतल्या आत खराब होत राहतो. पत्रं स्कॅन करा, प्रिंट फ्रेममध्ये लावा, मूळ पत्रं घडी न घालता चांगल्या कागदाच्या पाकिटात, कोरड्या कपाटात. टेप, स्टेपल, फेव्हिकॉल यातलं काहीही मूळ कागदाला लावायचं नाही.

फ्रेमसाठी फोटोफ्रेमवाल्याकडे जुन्या सागवानी फ्रेम कधी कधी पडलेल्या असतात, नाहीतर पुण्याला कोणी जाणार असेल तर बुधवारी किंवा रविवारी जुन्या बाजारात डोकवा. मागे कापड म्हणून मखमल घेऊ नका, सगळे घेतात आणि ते सत्काराच्या ट्रॉफीसारखं दिसतं. कोरी खादी घ्या, नाहीतर मांजरपाट, तो तर अगदीच स्वस्त, एकदा धुऊन खळ काढली की त्याचा जो मळकट पांढरा रंग येतो तो तांब्याशेजारी फार खुलतो. आणि सोलापूरकर आहात म्हणून अजून एक सांगते, शहराचा साधा नकाशा हाताने काढा आणि त्यावर १९३० च्या मार्शल लॉच्या, म्हणजे लष्करी अंमलाच्या, जागा दाखवा. १२ जानेवारी १९३१ ला ज्यांना फाशी दिलं ते मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांची नावं शेजारी बोरूने किंवा जाड निबच्या पेनाने लिहा. आजोबांचं ताम्रपत्र त्या नकाशाशेजारी लागलं की पाहुणे आपण होऊन विचारतील आणि मग सासूबाईंना बोलायला विषय!

प्रश्न : आमच्या गोंयात १९ डिसेंबरला, गोवा मुक्तिदिनाला, करण्यासारखं काही? सगळं पंधरा ऑगस्टचंच सांगता तुम्ही.
(एक वाचक, फोंडा, गोवा)

उत्तर : बरोबर आहे तक्रार. तुमच्यासाठी रेडिओ. नोव्हेंबर १९५५ पासून १९६१ ला गोवा मुक्त होईपर्यंत वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी सीमेपलीकडच्या जंगलातून गुप्त रेडिओ चालवला, कोंकणी आणि पोर्तुगीज दोन्ही भाषांत. बुटाच्या खोक्याचं झाकण घ्या, त्याला कॉफीने तपकिरी केलेला मांजरपाट घट्ट ताणून लावा, तो झाला स्पीकर, खाली पिवळसर कागदावर स्टेशनची पट्टी, दोन बटणं म्हणून बाटल्यांची झाकणं काळ्या रंगाने रंगवून. पट्टीवर शहरांच्या नावांऐवजी तारखा लिहा, १८ जून १९४६ म्हणजे मडगावची राममनोहर लोहियांची सभा, १५ ऑगस्ट १९५५ चा सत्याग्रह, आणि काटा १९ डिसेंबर १९६१ वर. आत बॅटरीवरची पिवळ्या दिव्यांची छोटी माळ ठेवली की संध्याकाळी मस्त दिसतो. मुंबईकरांनी हाच रेडिओ १९४२ चा करावा, छोडो भारत चळवळीतल्या उषा मेहतांच्या गुप्त काँग्रेस रेडिओचा, तेव्हा पट्टीवर ४२.३४ मीटर ही त्याची लहर लिहायला विसरू नका.

प्रश्न : भाड्याचा फ्लॅट, मालक खिळा मारू देत नाही आणि पावसाळ्यात भिंतीला ओल. मागच्या वर्षी लावलेल्या पोस्टरला मागून बुरशी आली. काय करू?
(एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : आधी भिंत निवडा. बाहेरच्या बाजूची, पाऊस झोडपतो ती भिंत सोडा, दोन खोल्यांमधली आतली भिंत घ्या. कागद थेट भिंतीला चिकटवायचाच नाही, फ्रेमच्या किंवा पुठ्ठ्याच्या मागे चारी कोपऱ्यांना बाटलीच्या बुचाचे तुकडे लावा म्हणजे मागून हवा खेळते. चहात बुडवलेला कागद पूर्ण वाळल्याशिवाय काचेत घालू नका, बुरशीचं निम्मं कारण तेच असतं. खळीने चिकटवलेलं असेल तर कसर लागते, तिथे फेव्हिकॉलच बरा, आणि मागे चार लवंगा कापडात बांधून ठेवतात काही जण, ठेवा, बिघडत नाही.

खिळ्याशिवाय टांगायला सगळ्यात सोपं म्हणजे खिडकीच्या पडद्याचा रॉड किंवा कपाटाची वरची कड, तिथून सुतळीने सोडायचं. कापडावरचं काम असेल तर वर-खाली एकेक बांबूची काठी घातली की जुन्या शाळेतल्या नकाशासारखं लोंबतं, वजनही नाही. चिकटणारे हुक लावणार असाल तर डिस्टेंपरवर ते टिकत नाहीत, पोपड्यासकट खाली येतात, ऑइलपेंटवर किंवा टाइल्सवर टिकतात. आणि घर सोडताना डबल टेप ओढून काढू नका, हेअर ड्रायरने गरम करा, मग जुन्या दोऱ्याने मागून करवतीसारखं कापत या, रंग बऱ्यापैकी वाचतो आणि डिपॉझिटही.